‘निष्क्रिय’ कोणाला म्हणायचं? एक गाजलेला पेपर आणि ब्रिटनची पेन्शन-करसवलत

आज एक गाजलेला पेपर वाचायचा आहे, पण नुसतं कौतुक करायला नाही. पेपर चांगला आहे आणि मीही तो आदराने वाचते. माझी तक्रार त्यातल्या एका शब्दाबद्दल आहे. तो शब्द उचलून भलत्या ठिकाणी चिकटवणाऱ्यांबद्दल तर जास्तच. ही तक्रार नीट समजावी म्हणून एक उदाहरण घेणार आहे : ब्रिटनमध्ये नोकरीतल्या पेन्शनवर मिळणारी, पण अनेकदा मागूनच घ्यावी लागणारी वरच्या दराची करसवलत.

‘ब्रिटनच्या पेन्शनशी आपला काय संबंध?’ असं वाटेल. संबंध दोन आहेत. एक, आपल्यापैकी अनेकांचे भाऊ-बहीण, मित्र तिथे आयटीत किंवा दवाखान्यांत काम करतात आणि त्यांच्या पगारातून दर महिन्याला हे पैसे कापले जातात. दुसरा संबंध जास्त महत्त्वाचा. ‘हक्क आहे, पण हातात आलं नाही’ हा प्रश्न शिष्यवृत्तीपासून रेशनकार्डापर्यंत सगळीकडे आहे. मी मूळची संख्याशास्त्राची आणि माझं पीएचडीचं काम याच प्रश्नावर आहे. ब्रिटनचं उदाहरण एवढ्यासाठी बरं, की तिथले नियम आकड्यांत लिहिलेले आहेत आणि हिशेब कागदावर मांडून बघता येतो.

आधी व्यवहार समजून घेऊ

ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०१२ पासून टप्प्याटप्प्याने ‘ऑटो-एनरोलमेंट’ आलं. म्हणजे २२ वर्षांवरच्या आणि वर्षाला १०,००० पौंडांपेक्षा जास्त कमावणाऱ्या नोकरदाराला मालकाने स्वतःहून पेन्शन योजनेत घालायचं. नको असेल तर नोकरदाराने बाहेर पडायचं. एप्रिल २०१९ पासून किमान वर्गणी ठरावीक पगारपट्ट्याच्या ८ टक्के आहे आणि त्यातले किमान ३ टक्के मालकाचे. इथवर सगळं आपोआप होतं.

आता कर. इंग्लंडमध्ये १२,५७० पौंडांपर्यंत कर नाही, त्यावर ५०,२७० पर्यंत २० टक्के, आणि त्याच्या वर १,२५,१४० पर्यंत ४० टक्के. पेन्शनमध्ये टाकलेल्या पैशांवर कर लागू नये, हे तत्त्व. पण ते अमलात आणायच्या मुख्य पद्धती तीन आहेत :

१. नेट पे. वर्गणी कर लागण्याआधीच पगारातून वजा होते. त्यामुळे २० चा असो की ४० चा, जो कर वाचायचा तो तिथल्या तिथे वाचतो. एनएचएसची पेन्शन योजना या प्रकारात येते.

२. रिलीफ अ‍ॅट सोर्स. वर्गणी कर कापून उरलेल्या पगारातून जाते. पेन्शन कंपनी सरकारकडून २० टक्के दराची सवलत मागून खात्यात भरते. वरचे २० टक्के मात्र नोकरदाराने स्वतः कर खात्याकडे, म्हणजे एचएमआरसीकडे, मागायचे. ऑटो-एनरोलमेंटसाठी सरकारनेच उभी केलेली ‘नेस्ट’ ही योजना या प्रकारातली.

३. सॅलरी सॅक्रिफाइस. करारातच पगार कमी करून घ्यायचा आणि तेवढी रक्कम मालकाने पेन्शनमध्ये भरायची. इथेही मागायचं काही उरत नाही.

एक हिशेब करू. पगार ६०,००० पौंड, पेन्शन वर्गणी एकूण ३,००० पौंड. नेट पे असेल तर कर १,२०० पौंडांनी कमी होतो, म्हणजे खिशातून गेले १,८००. रिलीफ अ‍ॅट सोर्स असेल तर पगारातून २,४०० जातात, कंपनी ६०० सरकारकडून आणते, खात्यात ३,००० जमा. आणखी ६०० पौंड नोकरदाराच्या हक्काचे आहेत, पण ते कोणी घरी आणून देत नाही. मागितले तर मागच्या वर्षांचा परतावा मिळतो किंवा चालू वर्षाचा कर कमी कापला जातो. लक्षात घ्या, हे ६०० पेन्शन खात्यात जात नाहीत, नोकरदाराच्या हातात येतात. पुढे याचं काम पडणार आहे.

आणखी एक बारकावा. ही जादा सवलत फक्त ४० टक्के कर भरलेल्या भागावर मिळते. पगार ५१,२७० असेल, तर ४० टक्क्यांत फक्त १,००० पौंड येतात. वर्गणी ३,००० असली तरी जादा सवलत १,००० च्या २० टक्के, म्हणजे २०० पौंड. ‘वर्गणीच्या २० टक्के’ असं सरसकट गणित करणारे इथे चुकतात.

मागायची वाट दोन प्रकारची. सेल्फ असेसमेंटचं विवरणपत्र भरत असाल तर त्यात एक चौकट आहे, तिथे कंपनीने भरलेल्या २० टक्क्यांसह पूर्ण रक्कम लिहायची. वरच्या उदाहरणात ३,०००. पगारातून गेलेले २,४०० लिहिले, तर सवलत तेवढीच कमी मिळते. विवरणपत्र भरत नसाल तर ऑनलाइन किंवा पत्राने वेगळी मागणी करायची. मुदत करवर्ष संपल्यापासून चार वर्षं. म्हणजे २०२१-२२ ची सवलत ५ एप्रिल २०२६ पर्यंत मागितली नाही, तर ती कायमची गेली. वरच्या उदाहरणातल्या माणसाला दहा वर्षांनी जाग आली, तर ६,००० पैकी जेमतेम २,४०० परत मिळतील.

आपल्याकडच्या उदाहरणाने सांगायचं तर जुन्या करपद्धतीत पीएफ कंपनीला माहीतच असतो, म्हणून ८०सी मध्ये तो आपोआप धरला जातो. विम्याच्या हप्त्याची पावती मात्र आपण द्यायची. ब्रिटनमध्ये पेन्शनची वर्गणी काही लोकांसाठी ‘पीएफ’ आहे आणि काहींसाठी ‘विम्याची पावती’. कोणासाठी काय, हे मालकाने निवडलेल्या योजनेवर ठरतं. नोकरदाराला बहुतेक वेळा कोणी विचारत नाही.

आता पेपर

राज चेट्टी, जॉन फ्रिडमन, सोरेन लेथ-पीटरसन, टॉर्बेन हायेन नीलसन आणि टोरे ओल्सेन यांचा हा पेपर २०१४ साली ‘क्वार्टरली जर्नल ऑफ इकॉनॉमिक्स’मध्ये आला. माहिती डेन्मार्कची, नोंदी ४ कोटी १० लाख. प्रश्न साधा : निवृत्तीच्या बचतीवर सरकार करसवलत देतं, त्याने लोकांची एकूण बचत वाढते की पैसे नुसते एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जातात?

डेन्मार्कने १९९९ साली एका प्रकारच्या पेन्शन खात्यावरची सवलत फक्त सगळ्यात वरच्या करपट्टीतल्या लोकांसाठी कमी केली. त्याखालच्यांना जैसे थे. म्हणजे तुलनेसाठी गट आयताच मिळाला. लेखकांना दिसलं ते असं : साधारण १५ टक्के लोक ‘सक्रिय’, ते सवलत बदलली की हालचाल करतात, पण मुख्यतः पैसे इकडचे तिकडे हलवतात. उरलेले ८५ टक्के ‘निष्क्रिय’. सवलत बदलली तरी ते तसेच राहतात. मात्र मालकाने किंवा सरकारने आपोआप वर्गणी कापायला सुरुवात केली, की यांची एकूण बचत खरोखर वाढते. सवलतीवर सरकारचा १ डॉलर खर्च झाला, तर एकूण बचत फक्त १ सेंटने वाढते, हा त्यांचा सगळ्यात जास्त उद्धृत होणारा आकडा.

पेपरची ताकद कुठे आहे ते आधी मान्य करू. फक्त एकाच खात्याकडे बघून ‘बचत घटली’ असं ते म्हणत नाहीत. माणसाची इतर पेन्शन खाती आणि पेन्शनबाहेरची बचतही धरतात. सर्वेक्षणातल्या ‘तुम्ही किती वाचवता?’ या प्रश्नावर अवलंबून न राहता सरकारी नोंदी वापरतात. आणि आपोआप वर्गणी व सवलत या दोन्ही गोष्टी एकाच देशात, एकाच माहितीवर तपासतात. संशोधनाला लागणाऱ्या प्रत्येकाने हा पेपर एकदा मन लावून वाचावा असं मी म्हणेन.

माझा आक्षेप : एक शब्द, दोन अर्थ

‘८५ टक्के लोक निष्क्रिय असतात’ हे वाक्य आता म्हणीसारखं वापरलं जातं. ब्रिटनमध्ये लोक जादा सवलत मागत नाहीत ना, मग लावा तेच वाक्य : लोक निष्क्रिय आहेत, त्यांना करसवलतीचं काही पडलेलं नाही. सेमिनारमध्ये हे वाक्य म्हटलं की सगळे माना डोलवतात. मला ते पटत नाही आणि कारणं तीन आहेत.

पहिलं कारण डेन्मार्कची कर-यंत्रणा. तिथे पेन्शन कंपन्या आणि मालक प्रत्येकाच्या वर्गणीची माहिती थेट कर खात्याला कळवतात. अर्ज करत बसावं लागत नाही. त्यामुळे त्या पेपरमधला ‘निष्क्रिय’ माणूस म्हणजे सवलत मिळत असूनही तिच्या दराप्रमाणे वर्गणी न बदलणारा. ब्रिटनमधला ‘निष्क्रिय’ म्हणजे सवलत मिळालीच नाही असा. पहिल्याला पैसे मिळाले, फक्त त्याने वागणूक बदलली नाही. दुसऱ्याला पैसेच मिळाले नाहीत. एक प्रश्न प्रोत्साहनाचा आहे, दुसरा हक्क पोचण्याचा. दोन्हींना एकच शब्द वापरला की दुसरा प्रश्न दिसेनासा होतो.

दुसरं कारण, ‘निष्क्रिय’ हे वागणुकीवरून काढलेलं अनुमान आहे. माणूस हलला नाही एवढंच माहितीत दिसतं. का हलला नाही ते दिसत नाही. त्याला ठाऊकच नसेल, ठाऊक असून कटकट नको वाटली असेल, किंवा हिशेब करून ‘एवढ्यासाठी कशाला’ असं त्याने शांतपणे ठरवलं असेल. शेवटचा माणूस तर पुरता सक्रिय म्हणायला हवा! स्कॉटलंडचं उदाहरण बघा. तिथे २१ टक्क्यांची एक मधली करपट्टी आहे. तिच्यातल्या माणसाला रिलीफ अ‍ॅट सोर्समध्ये २० टक्के आपोआप मिळतात आणि उरलेला १ टक्का मागून घ्यायचा असतो. २,००० पौंडांच्या वर्गणीवर हे झाले २० पौंड. त्यासाठी खातं उघडा, कागद जोडा, वाट बघा. तो मागत नसेल तर त्याला आळशी म्हणायचं की हिशेबी?

तिसरं कारण सगळ्यात महत्त्वाचं. ‘निष्क्रिय’ म्हटलं की तो माणसाचा स्वभाव वाटतो, उंची किंवा रक्तगटासारखा. पण परिस्थिती बदलली की तोच माणूस हलतो. याचा चांगला पुरावा भार्गव आणि मनोली यांच्या २०१५ च्या पेपरमध्ये आहे. अमेरिकेत कमी उत्पन्नाच्या नोकरदारांसाठी ‘अर्न्ड इन्कम टॅक्स क्रेडिट’ नावाची सवलत आहे. पात्र असून, एकदा सूचना मिळूनही ज्यांनी ती मागितली नाही अशा ३५,०५० लोकांना कर खात्याने पुन्हा वेगवेगळ्या प्रकारची पत्रं पाठवली. अडकलेली रक्कम २ कोटी ६० लाख डॉलर. निकाल काय? नुसतं दुसरं पत्र आलं, मजकूर सोपा केला, मिळणारी रक्कम ठळक छापली, एवढ्यानेच मागणी बरीच वाढली. पहिल्या पत्रानंतर हे सगळे ‘निष्क्रिय’च होते. दुसऱ्या पत्रानंतर त्यातल्या अनेकांचा स्वभाव बदलला का? नाही. पत्र बदललं.

इथे मला स्वतःलाही आवर घालायला हवा. तो प्रयोग कमी उत्पन्नाच्या अमेरिकी लोकांवर होता. ५०,००० पौंडांच्या वर कमावणारा इंग्लंडमधला नोकरदार तसाच वागेल, असं त्यावरून म्हणता येत नाही. डेन्मार्कचा निष्कर्ष ब्रिटनला लावू नका म्हणायचं आणि अमेरिकेचा हळूच लावायचा, हे चालणार नाही. मी त्या प्रयोगातून एवढंच घेते की ‘निष्क्रियता’ पक्की धरून चालू नये. ती तपासायची गोष्ट आहे.

न मागितलेली रक्कम मोजायची कशी?

‘इतके कोटी पौंड पडून आहेत’ अशा बातम्या अधूनमधून येतात. असा आकडा दिसला की संशोधकाने आधी विचारायचं : हा काढला कसा? मागितलेल्या पैशांची नोंद होते. न मागितलेल्या पैशांची कोण करणार? म्हणजे हा आकडा नेहमी वजाबाकीने येतो. पात्र लोक वजा मागणारे लोक. आणि वजाबाकीत दोन्ही बाजूंच्या चुका उतरतात.

‘पात्र’ ठरायला तीन गोष्टी एकाच माणसात हव्यात : ४० टक्क्यांचा कर, रिलीफ अ‍ॅट सोर्स योजना, आणि त्या पट्टीत पुरेसं उत्पन्न. सर्वेक्षणात विचारायचं म्हटलं तर ‘तुमची योजना नेट पे की रिलीफ अ‍ॅट सोर्स?’ या प्रश्नाचं उत्तर किती जण देऊ शकतील? सगळ्या ४० टक्केवाल्यांना पात्र धरलं तर नेट पे आणि सॅलरी सॅक्रिफाइसवाले उगाच मोजले जातात, आणि आकडा फुगतो.

‘मागणारे’ मोजताना विवरणपत्रातली चौकटच फक्त मोजली, तर पत्राने किंवा इतर मार्गाने मागून सवलत घेतलेले लोक सुटतात. आकडा आणखी फुगतो. उलट, त्या चौकटीत नोकरीबाहेरच्या खासगी पेन्शनची वर्गणीही लिहिली जाते, म्हणून नोकरीतल्या पेन्शनचे मागणारे जास्त दिसू शकतात. मग आकडा आक्रसतो. दोन चुका विरुद्ध दिशेच्या आहेत, पण त्या एकमेकींना बरोब्बर खोडतील असं मानायला काही आधार नाही.

आणि गंमत अशी, की खरं उत्तर काढायची माहिती सरकारकडे आहे. पेन्शन कंपनी २० टक्के मागते तेव्हा कोणत्या सदस्याची किती वर्गणी होती, याची माहिती दरवर्षी एचएमआरसीला देते. त्या सदस्याचा पगार आणि कर एचएमआरसीकडे मालकाकडून येतोच. म्हणजे दोन्ही वह्या एकाच कपाटात आहेत, फक्त शेजारी ठेवून वाचायच्या. नावं-क्रमांक जुळवण्याच्या अडचणी असतील, पण ती तांत्रिक बाब झाली. जे खातं जुळवणी करू शकतं, ते नागरिकाला ‘तुम्ही येऊन मागा’ म्हणतं, तेव्हा मागावं लागणं हा निसर्गनियम नसतो, तो धोरणाचा निर्णय असतो. पामेला हर्ड आणि डोनाल्ड मॉयनिहन यांनी २०१८ च्या ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटिव्ह बर्डन’ या पुस्तकात नेमकं हेच मांडलंय : कागदपत्रांचं ओझं हे धोरण राबवण्याचंच एक साधन असतं.

या निर्णयाची दुसरी बाजू बघा. नेट पे योजनेत उलटी अडचण होती. ज्यांचं उत्पन्न करमुक्त मर्यादेखाली, त्यांना वाचवायला करच नाही, म्हणून सवलत शून्य. तोच माणूस रिलीफ अ‍ॅट सोर्समध्ये असता तर २० टक्के मिळाले असते. ही तफावत वर्षानुवर्षं चालली आणि शेवटी २०२४-२५ च्या करवर्षापासून सरकारने अशा लोकांना भरपाईची रक्कम द्यायचं ठरवलं. म्हणजे मनात आणलं की दोन वह्या जुळवता येतात.

सीमारेषेचा मोह

आता खास तुमच्यासाठी. समजा तुम्हाला तपासायचंय : विवरणपत्र भरणं सक्तीचं असेल तर लोक सवलत जास्त मागतात का? तुम्हाला कळतं की पूर्वी १,००,००० पौंडांवर कमावणाऱ्या प्रत्येकाला सेल्फ असेसमेंट भरावंच लागे. वा! सीमारेषा मिळाली. ९९,००० वाला आणि १,०१,००० वाला माणूस जवळपास सारखाच, फरक फक्त विवरणपत्राचा. रिग्रेशन डिसकंटिन्युइटी लावा, पेपर तयार.

थांबा. १,००,००० लाच आणखी काय होतं? तिथून पुढे करमुक्त मर्यादा दर २ पौंडांमागे १ पौंडाने कमी होत जाते. त्यामुळे त्या पट्ट्यात कराचा खरा दर ६० टक्क्यांवर जातो, आणि पेन्शनमध्ये पैसे टाकायचा फायदा एकदम वाढतो. मुलांच्या पाळणाघराची सरकारी मदतही त्याच रेषेवर बंद होते. म्हणजे तिथे निदान तीन गोष्टी एकदम बदलतात. मागणी वाढली तर ती विवरणपत्रामुळे की ६० टक्क्यांमुळे, हे सांगता यायचं नाही. शिवाय लोक पेन्शनमध्ये पैसे टाकून मुद्दाम रेषेच्या खाली राहतात. अशा वेळी रेषेच्या दोन बाजूंचे लोक सारखे उरतच नाहीत.

मग २०२३-२४ या एकाच वर्षाकडे बघा. त्या वर्षी सक्तीची रेषा १,५०,००० वर सरकवली होती, आणि ४५ टक्क्यांचा दर त्याच वर्षापासून १,२५,१४० वर आला होता. म्हणजे १,५०,००० वर कराचा दर बदलत नव्हता, बदलत होती फक्त विवरणपत्राची सक्ती. पुढच्याच वर्षी नुसत्या पगारदारांसाठी ही रेषा काढून टाकली. एका वर्षाची खिडकी, पण बरीच स्वच्छ. तरी मेख आहेच : १,००,००० ते १,५०,००० मधल्या लोकांनी आधीची वर्षं विवरणपत्र भरलेलं होतं. ते शिकलेले आहेत. त्यांनी मागणं चालू ठेवलं, म्हणून ‘सक्तीची गरज नाही’ असं म्हणता येणार नाही. आज नव्याने ५०,२७० ओलांडणाऱ्या माणसाबद्दल ते काहीच सांगत नाहीत.

आणि असे नवे लोक वाढतच आहेत. करमुक्त मर्यादा आणि ४० टक्क्यांची रेषा २०२१-२२ पासून गोठवलेल्या आहेत. पगार महागाईने वाढतो, रेषा जागेवर. माणूस एक दिवस नकळत ४० टक्क्यांत जातो. त्याला कोणी विवरणपत्र पाठवत नाही, अकाउंटंट त्याच्याकडे नसतो, आणि त्याच्या मते तो श्रीमंतही नसतो. माझ्या मते अभ्यास करायचा तर या गटाचा करावा.

‘श्रीमंतांचेच पैसे ना, जाऊ देत की’

हा आक्षेप मला नेहमी ऐकवला जातो आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. वरच्या दराची सवलत जास्त कमावणाऱ्यांनाच जास्त देते. डेन्मार्कचा पेपर म्हणतो की तिने बचतही फारशी वाढत नाही. ब्रिटनमध्ये तर जादा सवलत पेन्शनमध्ये न जाता हातात येते, हे वर बघितलंच. मग न मागितल्याने सरकारी तिजोरीत पैसे राहिले तर बिघडलं कुठे?

माझं उत्तर असं. वरच्या दराची सवलत बंद करावी, सगळ्यांना एकच दर द्यावा, असं कोणाला वाटत असेल तर तो मोकळेपणाने मांडायचा मुद्दा आहे. संसदेत मांडा, मतदान घ्या. पण कायद्यात सवलत ठेवायची आणि ज्यांना माहीत नाही त्यांच्यापुरती ती गुपचूप बंद ठेवायची, ही सुधारणा नाही. यात भरडला जातो तो सगळ्यात श्रीमंत माणूस नव्हे. त्याचा अकाउंटंट चौकट बरोबर भरतो. भरडला जातो तो नुकताच रेषेवर आलेला. निकोल्स आणि झेकहाउझर यांनी १९८२ साली दाखवलं होतं की मदत मिळवायला थोडा त्रास ठेवला, तर खरे गरजूच तो सोसतात आणि मदत योग्य जागी जाते. इथे नेमकं उलट होतं. त्रास सोसायची ऐपत ज्याची जास्त, त्यालाच पैसे मिळतात.

शिवाय एकाच पगाराचे, एकाच वर्गणीचे दोन शेजारी. एकाच्या मालकाने नेट पे निवडलं, दुसऱ्याच्याने रिलीफ अ‍ॅट सोर्स. दुसरा वर्षाला ६०० पौंड मागे. दोघांपैकी कोणीही काही ठरवलेलं नाही. याला ‘निष्क्रिय माणसाची निवड’ म्हणणं म्हणजे मालकाच्या पे-रोलचा निर्णय नोकरदाराच्या स्वभावावर ढकलणं.

तुमच्या प्रस्तावासाठी

संशोधनाचा प्रस्ताव लिहिताना यातून चार गोष्टी घ्याव्यात असं मला वाटतं :

१. दुसऱ्याच्या पेपरमधलं वर्गीकरण उचलताना ते कोणत्या यंत्रणेत तयार झालं ते बघा. ‘निष्क्रिय’, ‘अपात्र’, ‘गळती’ हे शब्द आपापल्या देशाचे नियम पोटात घेऊन येतात.

२. ‘लोक करत नाहीत’ असं लिहाल तिथे एकदा ‘लोकांपर्यंत पोचत नाही’ असं लिहून बघा. दोन्ही वाक्यं तुमच्या माहितीत बसत असतील, तर तुमच्याकडे अजून उत्तर नाही, फक्त प्रश्न आहे.

३. सीमारेषा सापडली की पहिल्या दिवशी कोड लिहू नका. त्या रेषेवर आणखी काय-काय बदलतं याची यादी करा. कायदा वाचा. संख्याशास्त्र त्यानंतर.

४. आकडा वजाबाकीने आला असेल तर दोन्ही बाजूंच्या चुका कोणत्या दिशेच्या आहेत ते लिहा. चुकीचा आकार सांगता नाही आला तरी दिशा सांगता येते, आणि परीक्षक तेच विचारतात.

आणि तुमचं कोणी ब्रिटनमध्ये नोकरीला असेल तर त्यांना एवढंच सांगा : पगाराची चिठ्ठी काढा आणि करपात्र पगार पेन्शनची वर्गणी वजा करून दाखवलाय का ते बघा. वजा केलेला नसेल, कमाई ५०,२७० च्या वर असेल, आणि आजवर काही मागितलं नसेल, तर मागच्या चार वर्षांचे कागद गोळा करायला घ्या. सगळ्यात जुन्या वर्षाची मुदत येत्या ५ एप्रिलला संपते.